माझा फेस पुलापर्यंत जायचा

घट बसायच्या आधीचा आठवडा आला की अजूनही माझे तळपाय शिवशिवायला लागतात. लग्न होऊन कोल्हापुरात आले त्या वर्षापासून दरवर्षी या आठवड्यात मी पंचगंगेच्या काठावर वाकळा तुडवत उभी असायची. घरातलं अंथरूण-पांघरूण, गोधडीसारख्या जाड वाकळा, चादरी, उशांचे अभ्रे, सगळं बाहेर काढायचं. हातगाडीवर रचायचं, वरून दोरी आवळायची आणि चालत नदी गाठायची. निम्मं कोल्हापूर तिथंच आलेलं असायचं. चांगले दगड लोकांनी उजाडायच्या आत धरलेले असायचे, आणि दगडावरून जी भांडणं व्हायची ती पुढं वर्षभर पुरायची.

त्या काठावर माझं नाव होतं. सुंदर होते म्हणून नव्हे, कामसू होते म्हणूनही नव्हे. माझं नाव फेसासाठी होतं.

माझी थोरली जाऊ, तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो, साबणाच्या वडीवर सगळ्या वाकळा उरकायची. मी पावडरवाली. तेव्हा पावडर नवी होती आणि मीही नवी होते. एका वाकळेला अर्धं पाकीट ओतायची आणि त्यावर नाचल्यासारखी तुडवायची. आक्का शेजारच्या दगडावरून म्हणायची, "धाकटे, वाकळ धुतीयास का लोणी काढतीयास?" मी आणखी जोरात नाचायची. मग वाकळ पाण्यात सोडली की पांढरा शुभ्र फेस निघायचा, आणि मी कमरेवर हात ठेवून तो जाईल तिथवर बघत राहायची. आक्काचा फेस घाटाच्या कोपऱ्यावर विरायचा. माझा पुलापर्यंत जायचा.

हे मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलंही होतं. तो पेपर वाचत होता. पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "मग पुलावर कुनी हार घातला का न्हाई?" मला वाटलं, कौतुक केलं. दोन दिवस मी खूश होते.

आता पुढचं सांगायला जीभ अडते, पण सांगते. पुलाच्या पुढं, नदी वाहते त्याच अंगाला, चार गावं सोडून माझं माहेर. आई नदीतनंच पाणी भरायची. एका दिवाळीला गेले तर आई म्हणाली, "पाण्याला आताशा कसला तरी वास मारतोय गं. धुण्याच्या सोड्यागत." मी ताठ मानेनं सांगितलं, "वरचे लोक लई घाण करतात बघ." वरचे लोक म्हणजे कोण, हा प्रश्न त्या हुशार पोरीला पडला नाही. आणि ही पोरगी शाळेत भूगोलात पहिली आली होती. जिल्ह्यातल्या नद्यांचा नकाशा तिनं निळ्या पेन्सिलीनं इतका झकास काढला होता की बाईंनी तो भिंतीवर लावला होता. नदी कुठून कुठं जाते हे तिला पाठ होतं, फक्त नदीबरोबर आपला फेसही जातो हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

गेल्या वर्षी, असाच घटाच्या आधीचा आठवडा असताना, माझी नात कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्यापुढं बसली. ती अर्थशास्त्रात एम.ए. करत होती.

"आज्जी, एक प्रश्न विचारते. समज, नदीचं पाणी परत पोहण्यासारखं, पिण्यासारखं झालं. त्यासाठी आपल्या घरातनं दर महिन्याला तू किती पैसे द्यायला तयार आहेस?"

"कुणाला द्यायचे?"

"कुणालाच नाही. नुसतं सांगायचं."

"न देता नुसतं सांगायचं? मग पाचशे लिही. गल्लीत सगळ्यात वर आपलं घर पाहिजे."

"आज्जी, खरं सांगायचं असतं."

"मग आधी सांगायचं नाही का. राहू दे, लिहिलंस ते लिहिलंस."

मग तिनं मला नीट समजावलं. वांग्याला बाजारात भाव असतो, म्हशीला असतो, नदीला नसतो. म्हणून लोकांच्या मनात नदीची किंमत किती आहे, हे त्यांना विचारूनच काढावं लागतं. मला हे भलतंच आवडलं. लग्नानंतरच्या साठ वर्षांत मला कुणी इतका छान प्रश्न विचारला नव्हता. भाजीला काय करू, हाच सगळ्यात मोठा प्रश्न मला आजवर आला होता.

पण तिच्यासाठी हा खेळ नव्हता. कॉलेजातल्या तिच्या मार्गदर्शक बाई कडक होत्या. शनिवारी हे काम त्यांच्या हातात पडणार आणि ते बघूनच बाई ठरवणार की तिला पुढं पीएचडीला घ्यायचं की नाही. ते 'हो' मिळवायचं म्हणून पोरगी दोन वर्षं झुरत होती.

पहिल्या दिवशी ती एकटी गेली आणि संध्याकाळी चपला फरफटत परत आली. आमची खालची गल्ली, वरची गल्ली, तालमीची गल्ली, सगळीकडून एकच उत्तर. शून्य. आमच्या गल्लीतली दूधवाली, जिच्या दारात चार म्हशी बांधलेल्या असतात, तिनं तर तिला उभंच केलं होतं. "मैला सोडनारं येगळं, आनि भरनार आमी? त्यास्नी जाऊन इचार की." वरच्या गल्लीतले शिंपीचाचा, ज्यांच्या आजोबांपासून त्यांचं घर आमच्या घरचे कपडे शिवतं, ते गोड बोलले, चहा पाजला आणि शून्य लिहायला लावलं. तालमीतल्या वस्तादांनी विचारलं, "पोरी, तू कुनाची? हां, त्यांची व्हय. बरं बरं. पैसं न्हाईत."

"सगळे शून्य आले तर बाई म्हणतील, तुला विचारताच येत नाही," ती म्हणाली. पाय धुऊन तशीच भिंतीला टेकून बसली.

"उद्या मी येते बरोबर," मी म्हटलं.

इथं मला एक गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्या गावच्या माणसाला पैसे माग, तो दहा कारणं विचारेल. पण शेजारची गल्ली तुझ्यापुढं गेली असं नुसतं सांग, तो एकही कारण विचारत नाही. याला आमच्याकडं ईर्षा म्हणतात आणि हा शब्द इथं शिवी नाही. कुस्ती, फुटबॉल, गणपतीची मिरवणूक, सगळं ईर्षेवर चालतं. मी स्वतः वाकळा ईर्षेवर धुतल्या. मग नदीच का ईर्षेवर साफ होऊ नये?

दुसऱ्या दिवशी मी नातीच्या एक घर पुढं राहिले. "तू सावकाश ये, मी आधी सांगून ठेवते," म्हटलं. माझे गुडघे त्या दिवशी एकदाही बोलले नाहीत.

दूधवालीच्या दारात जाऊन मी सहज म्हटलं, "वरच्या गल्लीनं पन्नास सांगितल्यात म्हणे."

तिचा शेणाचा हात हवेतच थांबला. "पन्नास? त्या गल्लीनं? गणपतीची वर्गणी मागायला गेलं की दारं लावून घेत्यात ती मानसं."

"मला काय माहीत. ऐकलं ते सांगितलं."

तेवढ्यात नात पोचली. दूधवाली म्हणाली, "लिही गं, साठ."

शिंपीचाचांकडं मी साठ नेले. ते खरंच होते, त्यामुळे मी अगदी निष्पाप चेहऱ्यानं सांगितलं. चाचांनी मशीन थांबवलं, चष्मा कपाळावर चढवला. "भाभी, खालच्या गल्लीनं साठ? आमच्या गल्लीला काय इज्जत हाय का न्हाई? शंभर लिहा."

तालमीत शंभर पोचल्यावर वस्ताद उठूनच उभे राहिले. वय झालंय, पण उभे राहिले की अजून दार भरतं. "दोनशे. आनि पोरी, खाली लिही, तालीम कुनाच्या मागं ऱ्हात न्हाई."

काय सांगू, दुपारपर्यंत मी वाऱ्यावर होते. एका दारातून दुसऱ्या दारात आकडा नेताना मला पुन्हा विशीतली झाल्यासारखं वाटत होतं. काल ज्यांनी दारातून परत पाठवलं होतं, ते आज हाका मारून बोलवत होते, "ओ, आमचं घर ऱ्हायलं की." नातीचे कागद संपले. ती पळत जाऊन झेरॉक्स काढून आली. येताना तिच्या गालावर लाली होती आणि मला वाटत होतं, आज मी या पोरीचं आयुष्य मार्गी लावलं.

संध्याकाळी ती लॅपटॉपवर आकडे भरायला बसली. मी तिच्यासाठी झुणका टाकला होता. ती गुणगुणत होती. मग गुणगुणणं थांबलं.

"आज्जी."

"काय गं?"

"प्रत्येक गल्लीचा आकडा आधीच्या गल्लीपेक्षा वरच कसा? आणि ज्या क्रमानं आपण गेलो, त्याच क्रमानं?"

मी झुणका परतत राहिले.

"आज्जी, तू पुढं जाऊन काय सांगत होतीस?"

खोटं बोलता आलं असतं. पण दिवसभराचा साठा संपला होता. सांगितलं सगळं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "प्रत्येकानं आपल्या मनातली किंमत सांगायची असते गं. यांनी शेजाऱ्याला हरवायची किंमत सांगितली. हे कागद मला वापरता येणार नाहीत." लॅपटॉप मिटला आणि ती कागद एकावर एक सारखे करत बसली. ज्या कामाचं काही होणार नाही, ते काम माणूस असंच सावकाश करतं.

मी गॅस बंद केला. आणि मला ती बाई दिसली, कमरेवर हात ठेवून उभी राहिलेली, आपला फेस कुठवर पोचला ते बघणारी. या वेळी फेसाऐवजी आकडा होता, एवढंच. आणि खालच्या अंगाला तेव्हाही माझंच माणूस होतं, आताही माझंच.

सकाळी मी तिला उठवलं. "चल. जिथं जिथं खोटं बोलले, तिथं जाऊन सांगते. मग तू परत विचार. शनिवारला अजून दोन दिवस आहेत."

दूधवाली धार काढत होती. मी म्हटलं, "बाई, काल मी खोटं बोलले. वरच्या गल्लीनं पन्नास म्हटलेलंच नव्हतं."

"मग किती म्हनलेलं?"

"शून्य."

दुधाची धार चरवीत वाजत राहिली. ती विचार करत होती. मग म्हणाली, "आनि आता त्यांचं किती हाय?"

"शंभर. पण ते तुझ्या साठामुळं."

"मग माझं साठ ऱ्हाऊ दे. न्हाई, थांब. एकशे दहा कर."

नातीनं कपाळावर हात मारला.

शिंपीचाचांनी सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ हसले आणि म्हणाले, "भाभी, तुमी बदमाश तवाबी होता, आत्ताबी हाय. पन शिवलेलं उसवायचं म्हंजे कापड खराब होतंय. शंभर राहू द्या." वस्तादांकडं तर मला वाक्यही पुरं करू दिलं नाही. "आकडा माघारी? म्हंजे पाठ टेकल्यागत की. दोनशेच."

नात वस्तादांच्या पायरीवर मटकन बसली. मला वाटलं रडते. पण ती हसत होती, आणि हसता हसता तिनं एकदम विचारलं, "वस्ताद, खरंच द्याल का दर महिन्याला?"

वस्तादांनी कान खाजवला. "ह्यो प्रश्न फारमात हाय?"

"नाही."

"मग का इचारतीस?"

"मला जाणून घ्यायचंय."

ते पहिल्यांदाच खाली बसले, तिच्या शेजारी. आवाज उतरला. "कुनाच्या हातात द्यायचं, ते सांग आदी. जो त्या पैशाची नदीच करील, दुसरं काय करनार न्हाई, असा मानूस दाखीव. मग देतो. शंभरबी देतो, दोनशेबी देतो. लहानपनी त्याच पान्यात पवायला शिकलोय पोरी. आता पोरास्नी त्यात पाय घालू देत न्हाई मी."

नातीनं पेन काढलं. मग ती उठली आणि परत पहिल्या दारापासून निघाली. या वेळी आकडा विचारलाच नाही. खरंच द्याल का आणि कुणाच्या हातात द्याल, एवढंच विचारत गेली आणि लोक बोलत गेले. काल एका शब्दात उरकणारी दूधवाली अर्धा तास बोलली, म्हशी रस्त्यात रेकत उभ्या होत्या तरी.

शेवटी राहिलं आक्काचं घर. दोन गल्ल्या पलीकडं ती धाकट्या मुलाकडं राहते. ऐंशीच्या पुढं गेली, पण जिभेचं वय वाढलेलं नाही. दारात नात म्हणाली, "आज्जी, इथं तू बाहेर थांब. खरंच."

मी पायरीवर बसले. कान आत ठेवले.

आक्का म्हणत होती, "पैसं न्हाईत बाई माझ्याकडं. आलेलं औषधात जातंय. शून्य लिही. पन त्या शून्याच्या फुडं एक गोष्ट लिही. यंदा माझ्या वाकळा नदीत जानार न्हाईत."

"मग कुठं धुणार?"

"भाच्याचं रान हाय बिद्रीच्या वाटंवर. हौद हाय, पंप हाय. तितं धुतो. पानी उसात जाऊ दे, नदीत नगं." मग तिनं आवाज चढवला, मला ऐकू यावा म्हणून. "आनि ती भाईर बसलीया, तिनं किती सांगितलं गं?"

"पाचशे," नात म्हणाली.

"पाचशे." आक्का म्हणाली. "तिला म्हनावं, पैसं ठेव तुझ्याजवळ. फेस सोडायचा बंद कर."

आक्का सोडली तर माझ्या फेसाची गोष्ट आता कुणाला आठवत नाही. आणि साठ वर्षं मनात धरून तिनं ती नेमकी आज काढली. पाचशे म्हणताना माझ्या खिशातून काहीच जाणार नव्हतं. नदीवरच्या वाकळा सोडायच्या तर मात्र माझं काहीतरी जाणार होतं. तो काठ, तो गलका, तिथली मी.

मी उठून दारात गेले. "आक्का, मी बी येतो."

"पावडर आनायची न्हाई."

"न्हाई आणत."

"पिशवी तपासनार मी."

शुक्रवारी रात्री नातीनं तिचं काम पुरं केलं, पण ते मी झोपेत होते म्हणून मला ऐकीवच माहीत. तिनं सगळेच आकडे ठेवले. पहिल्या दिवशीचे शून्य, दुसऱ्या दिवशीचे चढते आणि तिसऱ्या दिवशी लोक जे बोलले ते. मधल्या आकड्यांपुढं चक्क लिहिलं, 'उत्तर देणाऱ्यांना शेजारच्या गल्लीचा आकडा आधी सांगण्यात आला होता.' कुणी सांगितला, तेही लिहिलं. माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंतचं, आणि मी एका एम.ए.च्या प्रबंधात चूक म्हणून छापून आले.

"आणि तुझं घर?" तिनं मला विचारलं होतं. "पाचशेच ठेवू?"

मी विचार केला. या वेळी खरंच केला. "दर महिन्याला पावडरच्या दोन पाकिटांचे जेवढे होतात, तेवढे लिही. आणि वस्ताद म्हणतात तसा माणूस सापडला, तर उद्यापासून."

सोमवारी आम्ही रानात गेलो. आम्ही म्हणजे मी आणि आक्का दोघीच जाणार होतो. पण दूधवालीला पत्ता लागला, तिनं खालच्या गल्लीसाठी टेम्पो ठरवला. ते शिंपीचाचांच्या सुनेनं पाहिलं. मग वरच्या गल्लीचा टेम्पो. या वेळी मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, शपथ घेऊन सांगते. बांधावर वाकळांचे ढीग पडले, पंप सुरू झाला, हौदाच्या काठावर जागेवरून पहिलं भांडण झालं आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. भाचा कडेला डोकं धरून उभा होता. "आत्या, उसाला साबन चालतोय का?"

आक्का म्हणाली, "एवढ्या वडीनं काय हुतंय? ऊस कारखान्याला धुऊन पुसून जाईल."

मी लुगड्याचा काष्टा मारला आणि हौदात उतरले. गुडघे कुरकुरले, त्यांना गप्प केलं. साबणाची एकच वडी, आक्कानं स्वतः मोजून दिलेली. तरीही पाय वाकळेवर पडला आणि मी नाचायला लागले. काय करू, पाय तेच आहेत.

तेवढ्यात बांधावर ठेवलेला माझा फोन वाजला. दूधवालीनं उचलून ओल्या हातानं माझ्या कानाला लावला. नात होती. एका दमात बोलत होती, शब्द एकमेकांवर पडत होते. बाईंनी सगळं वाचलं. मधली पानं दोनदा वाचली. आणि म्हणाल्या, लोक नुसतं किती देतील याच्यापेक्षा कुणाला बघून देतील आणि कुणाच्या हातात देतील, यावरच पुढं काम कर. मी घेते तुला.

"आणि आज्जी, बाई विचारत होत्या, ही पुढं जाऊन सांगणारी बाई कोण."

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, भेटवते."

फोन बंद झाला. मी सगळ्यांना सांगितलं, पोरगी पीएचडीला लागली. टेम्पोवाल्यानं भोंगा वाजवला. दूधवाली म्हणाली, पेढे खालच्या गल्लीत आधी वाटायचे. चाचांची सून म्हणाली, का म्हणून? मी तुडवतच होते. डोळ्यांत पाणी आलं ते पुसायला हात कोरडा नव्हता.

आक्का हौदाच्या काठावर काठी टेकून बसली होती. वाकून पाण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"धाकटे, कुठवर गेला गं तुझा फेस?"

मी खाली बघितलं.

"घोट्यापर्यंत."